पर्समध्ये न मावणारे पैसे

या वीकेंडला क्रिकेट. पण स्कोअरबोर्डवरचं नाही, हिशेबाच्या वहीतलं.

"मुंबईवाले पर्सच्या बाहेरून पैसे देतात रे!" हे वाक्य मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलंय, लोकलमध्ये ऐकलंय आणि आमच्या म्हसळ्याला एसटी स्टँडजवळ चहा पिताना तर कितीदा ऐकलंय त्याची गणती नाही. गंमत म्हणजे हे बोलणारे चेन्नईचे फॅन कमी आणि मुंबई इंडियन्सचे जास्त. आपल्याच संघावर संशय घ्यायचा आणि वर त्याच संघाची निळी जर्सी घालून फिरायचं, ही कसरत आपल्याकडे छान जमते. खरं की खोटं हे मी सांगणार नाही, माझ्याकडे कोणाच्या बँकेचं पासबुक नाही. पण हा संशय आला कुठून, याचा इतिहास मात्र नीट लावता येतो. आणि तो मला मॅचपेक्षा रंजक वाटतो.

आधी पर्स म्हणजे काय ते. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला सारखीच रक्कम, त्यापुढे एक रुपया नाही. २००८ मध्ये ती होती ५० लाख डॉलर. त्या वर्षी सगळ्यात महाग संघ मुंबईचा, ११ कोटी १९ लाख डॉलरला रिलायन्सने घेतलेला. सगळ्यात स्वस्त राजस्थान, ६ कोटी ७० लाखांचा. आणि पहिली आयपीएल जिंकली कोणी? राजस्थानने! म्हणजे मालक कितीही गब्बर असो, मैदानात सगळ्यांचा खिसा सारखाच, ही कल्पना पहिल्याच वर्षी चालली.

पहिल्या लिलावातली एक आकडेमोड बघा. तारीख २० फेब्रुवारी २००८. धोनीवर बोली चढतेय, चेन्नई विरुद्ध मुंबई. आता मुंबईकडे सचिन 'आयकॉन' होता, आणि आयकॉन खेळाडूला संघातल्या सगळ्यात महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे असा नियम. धोनी १५ लाख डॉलरला घेतला तर सचिनला आपोआप १७ लाख २५ हजार. दोघांचे मिळून ३२ लाख २५ हजार, उरलेल्या संघाला १७ लाख ७५ हजार. मुंबई थांबली. चेन्नईकडे आयकॉनच नव्हता, त्यांनी धोनी नेला. मुंबईचा सगळ्यात महाग खेळाडू ठरला जयसूर्या, ९ लाख ७५ हजारांना, आणि म्हणून सचिनला मिळाले ११ लाख २१ हजार २५० डॉलर. एक्सेलमधला एक फॉर्म्युला, आणि धोनी पिवळ्या कपड्यात! पर्सचा नियम खरोखर चावतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता जिथे नियम चावतो तिथे माणूस मलम शोधणारच.

१९ जानेवारी २०१० चा लिलाव. या वेळी संघाकडे खर्चायला जास्तीत जास्त साडेसात लाख डॉलर. कायरन पोलार्डवर चार संघ थेट साडेसात लाखांवर जाऊन बसले. मग काय करायचं? नियमांत उत्तर होतं: बंद पाकिटातली बोली. ज्याचा आकडा मोठा त्याचा खेळाडू. पण वरची रक्कम खेळाडूला नाही, ती लीगच्या खजिन्यात. आणि तो आकडा जाहीर करायचा नाही! पोलार्ड मुंबईला मिळाला. किती जास्त मोजले? अधिकृत कागदावर आजही साडेसात लाखच. यात बेकायदा काही नव्हतं, लीगनेच आखलेली पद्धत होती. पण विचार करा, सगळ्यांचा खिसा सारखा असं सांगायचं आणि बरोबरी झाली की ज्याचा खरा खिसा मोठा त्याला बंद दाराआड जिंकू द्यायचं. संशयाचं बी इथे पेरलं गेलं, असं माझं मत.

त्याच वर्षी रवींद्र जडेजा. वय २१. राजस्थानशी करार वाढवण्याच्या कागदांवर सही केली नाही आणि दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली, म्हणून अख्खा २०१० चा मोसम बंदी. बातम्यांत त्या दुसऱ्या संघाचं नाव मुंबई इंडियन्स असं होतं. शिक्षा झाली ती खेळाडूला, संघाला नाही. आणि आता पुढचं ऐका. ४ फेब्रुवारी २०१२ च्या लिलावात हाच जडेजा. चेन्नई आणि डेक्कन, दोघांकडे प्रत्येकी २० लाख डॉलर, दोघेही शेवटच्या डॉलरपर्यंत गेले. पुन्हा बंद पाकीट, चेन्नई जिंकली, वरचा आकडा पुन्हा गुपित. २०१० मध्ये बोलणी गुपचूप केली म्हणून बंदी, २०१२ मध्ये किंमत गुपचूप ठरली तर अभिनंदन!

२०११ मध्ये पर्स ९० लाख डॉलर झाली आणि चार जुने खेळाडू राखायची मुभा मिळाली. पर्समधून ठरावीक रक्कम वजा: पहिल्याचे १८ लाख, दुसऱ्याचे १३, तिसऱ्याचे ९, चौथ्याचे ५. एकूण ४५ लाख. मुंबईने सचिन, हरभजन, मलिंगा, पोलार्ड राखले. चेन्नईने धोनी, रैना, विजय, मॉर्केल. आता मेख अशी की वजा होणारी रक्कम आणि खेळाडूला प्रत्यक्ष मिळणारी रक्कम एकच असली पाहिजे असं नव्हतं. ती संघ आणि खेळाडू यांच्यातली बाब. आपल्या भाषेत सांगायचं तर एचआरच्या शीटमध्ये तुमचा बँड दिसतो, पण जॉइनिंग बोनस कुठल्या बजेटमधून आला ते तुमच्या टीममधल्या कोणालाच कळत नाही.

ही पळवाट २०१८ मध्ये बुजवली. बंगलोरने विराट कोहली १७ कोटींना राखला, तेव्हा ठरलेला आकडा १५ कोटींचा असूनही पर्समधून पूर्ण १७ कापले गेले. ८० कोटींतून विराटचे १७, डिव्हिलियर्सचे ११ आणि सर्फराजचे ३ गेले, उरले ४९. सर्फराजला मात्र मिळणार होते पावणेदोन कोटी, तरी कापले ३! म्हणजे जास्त दिलेत तर जास्त कापू, कमी दिलेत तरी ठरलेले कापूच. नियम असा लिहायचा असतो. पण त्याला दहा वर्षं लागली.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र वरच्या मजल्यावर झाला नाही, तळमजल्यावर झाला. भारताकडून न खेळलेल्या खेळाडूंचा लिलावच होत नव्हता. रणजी किती वर्षं खेळलास त्यावर १० लाख, २० लाख किंवा ३० लाख, विषय संपला. किंमत गोठवलेली, पण संघ निवडायची मोकळीक खेळाडूला! अहो, मुंबईत वाढलेल्या कोणालाही विचारा असं केलं की काय होतं. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली आणि पागडी वाढली. पावती भाड्याची, खरा व्यवहार पिशवीतून. किंमत दाबली की पैसा नाहीसा होत नाही, तो टेबलाखाली जातो.

दाबलेली किंमत किती होती याचा अंदाज सौरभ तिवारीवरून येतो. २०१० मध्ये मुंबईकडून खेळताना तो भारताच्या संघात नव्हता. ऑक्टोबरमध्ये भारताकडून वनडे खेळला, त्यामुळे जानेवारी २०११ च्या लिलावात नाव आलं आणि बंगलोरने १६ लाख डॉलर मोजले. तेव्हाच्या दराने सात कोटींच्या वर. वनडेची टोपी मिळाली नसती तर जास्तीत जास्त ३० लाख. तोच मुलगा, तीच बॅट.

मग मनीष पांडे. २००९ मध्ये आयपीएलमध्ये शतक ठोकणारा पहिला भारतीय, त्या वेळी वय १९. दोन वर्षांनी आपल्या पुणे वॉरियर्सकडे आला आणि एकापेक्षा जास्त संघांशी बोलणी केली म्हणून चार सामने बाहेर. आता मला सांगा, पगार सगळीकडे सारखाच असेल तर बोलणी कसली करायची? जेवणाचा मेनू? हा प्रश्न तेव्हा कोणी मोठ्याने विचारला नाही.

तो २०१२ च्या मे महिन्यात एका टीव्ही चॅनेलच्या छुप्या कॅमेऱ्याने विचारला. पुणे वॉरियर्सचाच मोहनीश मिश्रा त्यात म्हणताना दिसला की त्याला जवळपास दीड कोटी मिळतात, त्यातले ३० लाख कागदावर आणि बाकीचे काळे. संघाने त्याला लगेच निलंबित केलं. बीसीसीआयच्या चौकशीत हे पुराव्याविना मारलेल्या फुशारक्या ठरलं आणि त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली. असेलही फुशारकी. माणूस हॉटेलच्या खोलीत काय वाट्टेल ते बोलतो. पण ज्या रकमेची फुशारकी मारली ती ऐकून एकालाही "छे, हे कसं शक्य आहे" असं वाटलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१४ पासून या मुलांचाही लिलाव सुरू झाला आणि पहिल्याच फटक्यात कर्ण शर्मा पावणेचार कोटींना गेला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने पागडीला मान्यता मिळाली, तसंच काहीसं.

आता हिशेब मांडू. जडेजा एक मोसम, पांडे चार सामने, मिश्रा एक वर्ष. संघ? पर्सच्या कारणावरून आजवर एकाही आयपीएल संघाचा एकही गुण कापलेला नाही. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बाहेर बसले ते सट्टेबाजीच्या प्रकरणात, ते वेगळं.

बाहेर असं नसतं. ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या मेलबर्न स्टॉर्मने दोन वह्या ठेवल्या होत्या, एक दाखवायची, एक खरी. एप्रिल २०१० मध्ये पकडले गेले आणि २००७ व २००९ ची विजेतेपदं काढून घेतली, शिवाय उरलेला मोसम शून्य गुणांवर खेळायला लावलं. इंग्लंडच्या रग्बीत सॅरसन्सचे मालक खेळाडूंबरोबर भागीदारीत कंपन्या काढायचे, घरं घ्यायचे. मालकाचं म्हणणं ही गुंतवणूक, लीगचं म्हणणं हा पगार. नोव्हेंबर २०१९ मध्ये ३५ गुण गेले, ५३ लाख पौंडांच्या वर दंड झाला, आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांना खालच्या श्रेणीत ढकललं. विरोधी प्रेक्षक स्टँडमध्ये खोट्या नोटा फडकवत होते. तिथेही फॅन लोकांत दोन तट होतेच, 'सगळेच करतात' आणि 'आमचे कप आता खोटे का?' पण त्यांच्यासमोर निदान निकालपत्र होतं. आपल्याकडे वाद घालायला नुसता चहा.

आणि तो वाद सगळ्यात जोरात झाला नोव्हेंबर २०२३ मध्ये. २६ तारखेला संध्याकाळी याद्या जाहीर झाल्या तेव्हा हार्दिक पंड्या गुजरातकडे होता, आणि काही तासांत तो मुंबईचा! पर्समध्ये जागा हवी म्हणून साडेसतरा कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगलोरला दिला. हार्दिकचा पगार १५ कोटी, तो पर्समध्ये मोजला. पण मुंबईने गुजरातला दिलेली ट्रान्सफर फी? ती पर्सच्या बाहेर, जाहीर नाही, आणि नियमानुसार तिचा अर्ध्यापर्यंतचा वाटा खेळाडूला मिळू शकतो. म्हणजे २०१० चं बंद पाकीट परत आलं, फक्त नवीन कपडे घालून.

तेव्हा मी म्हसळ्यालाच होतो. माझा मावसभाऊ हार्डवेअरचं दुकान चालवतो, जीएसटी तोंडपाठ. म्हणाला, "अरे, हे काळे पैसे नाहीत. पण पांढरे म्हणू, तर दिसत पण नाहीत ना!" मी म्हटलं, "दादा, नियमात बसतंय सगळं." तर म्हणतो, "नियम कोणासाठी केला ते बघ की मग." आमच्या मामांचं मत वेगळं. ते मुंबईला ऑफिसच्या संघातून खेळलेले. त्यांच्या काळी खेळाडूला क्रिकेटचे पैसे कोणीच देत नसे, निर्लॉन, टाटा, मफतलाल अशा कंपन्या नोकरी देत. मस्टरवर सही करायची आणि मैदानावर जायचं. गावसकर निर्लॉनमध्ये होते, संदीप पाटीलही. मामा म्हणतात, "तो पगार क्रिकेटचाच होता रे, नाव फक्त नोकरीचं. आणि त्यावर आमची घरं चालली." हा मुद्दा मला खोडता आला नाही.

गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेतही आता लिलाव होतो बरं का. प्रत्येक संघाला सारखे पॉइंट, पैसे नाहीतच. गेल्या मे महिन्यात एक डावखुरा बॅट्समन सगळ्यात कमी पॉइंटांना एका संघाकडे गेला, दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही. नंतर कळलं की त्याने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मी त्यांच्याकडेच खेळणार. का, तर त्या संघाचा मालक त्याच्या बाइकच्या पेट्रोलचं आणि नव्या बॅटचं बघणार होता. कमिटीला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण पेट्रोल पॉइंटमध्ये मोजायचं कसं?

मुंबईचं पुढे काय झालं ते माहीतच आहे. पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहितचं कप्तानपद गेलं, वानखेडेवर स्वतःच्याच कप्तानाला हूटिंग झालं, आणि २०२४ मध्ये संघ दहावा आला. दहापैकी दहावा! न दिसणाऱ्या पैशांनी कप मिळतोच असं नाही, एवढं तरी सिद्ध झालं.

२०२५ च्या मोठ्या लिलावाआधी पर्स १२० कोटी, त्यात पाच खेळाडूंसाठी ७५ कोटी, आपसांत कसेही वाटा. मुंबईची यादी: बुमराह १८, सूर्या १६.३५, हार्दिक १६.३५, रोहित १६.३०, तिलक ८. बेरीज करून बघा, बरोबर ७५. मी यादी दादाला फॉरवर्ड केली. त्याचा रिप्लाय आला: "सूर्या नि रोहितमध्ये पाच लाखांचा फरक कोणी काढला असेल रे?" त्यावर मामा ग्रुपवर चिडले, आणि दुपारपर्यंत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.