केळ्याच्या सालीवरचे टाके

माझी नात त्वचारोगात एम.डी. करते आहे. दिवाळीत चार दिवस घरी आली होती, तेव्हा एका दुपारी जेवणाच्या टेबलावर केळ्याची साल पसरून तिला टाके घालत बसली होती. "हे काय गं?" म्हटलं, तर मान वर न करता म्हणाली, "आजी, तुकडा तपासायला काढला की टाका नीट पडायला हवा ना. आधी साल, मग बोकडाचं कातडं, मग माणूस."

मला हसूच आलं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे, तो सगळा याच विषयावर. 'योग्या' म्हणजे हाताचा सराव. छेद घ्यायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. खरवडायला केसाळ कातडं. शीर उघडायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. शिवायला जाड कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडा. पट्टी बांधायला कापडाचा माणूस. शास्त्र कितीही पाठ असलं तरी असा सराव न केलेला माणूस कामाला नालायक, असं सुश्रुत स्पष्ट बजावतो. पाठांतराला एवढा मान असलेल्या काळात हे लिहिलं गेलं, याचं मला शिक्षक म्हणून नेहमी अप्रूप वाटतं.

मग तिला मी कावसजीची गोष्ट सांगितली. आमच्या पिढीतल्या इतिहासाच्या पुस्तकात ती नव्हती, मलाही फार उशिरा कळली. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेबरोबरचा बैल हाकणारा मराठा शेतकरी. (नाव पारशी वाटतं खरं. साहेबाच्या कानाने काय ऐकलं कुणास ठाऊक.) १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने, म्हणजे आपल्याकडे बहुधा कुंभाराने, त्याला नवं नाक करून दिलं.

कसं केलं त्याची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज सर्जनांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढं कातडं सोडवायचं, पण दोन भुवयांच्या मधली एक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, कारण रक्त तिच्यातून येतं. कातडं वळवून खाली आणायचं आणि थोटकाच्या कडेला चीर पाडून तिच्यात बसवायचं. चिकटवायला काय, तर आपला विड्याचा कात! पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावलेला. चार दिवसांनी त्या पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती भुवयांमधली पट्टी कापायची. हत्यार म्हणाल तर वस्तरा.

नात म्हणाली, "आमच्याकडे एक तीळ काढला तरी बादलीभर प्लास्टिक कचऱ्यात जातं." खरं आहे. पण त्या कुंभाराकडे भूल नव्हती आणि वस्तरा उकळून घ्यायची समजही त्या काळी कुणाला नव्हती, हेही तिला सांगावं लागलं. जुन्याचं कौतुक करताना कावसजीच्या जागी स्वतःला आडवं घालून पाहावं. मात्र मेण, कात आणि तूप हे सगळं कोसभराच्या आत मिळणारं होतं. काही संपलं म्हणून काम अडलं, असं होणार नव्हतं.

पुण्यात तेव्हा जेम्स वेल्स हा चित्रकार होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणारा तोच. त्याने कावसजीचं चित्र काढलं आणि त्यावरून छाप निघाले. ते वर्णन आणि ते चित्र लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनच्या डोक्यात बसलं. त्याने प्रेतांवर सराव केला, हिंदुस्थानात राहून आलेल्यांना विचारत राहिला आणि वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, जिवंत माणसावर ती शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आजही कपाळाच्या कातड्याने नाक करतात, त्याला जगभर 'भारतीय पद्धत' म्हणतात.

बैल हाकणाऱ्याचं नाव राहिलं, चित्रकाराचं राहिलं, लंडनच्या डॉक्टरचं तर राहिलंच. ज्याच्या हाताने नाक झालं त्याचं नाव कुणी लिहून घेतलं नाही. तो कुणाकडे शिकला, त्याने कुणाला शिकवलं, कातडं निळं पडू लागलं तर तो काय करायचा, हेही कुणी विचारलं नाही. चित्रात रेघ कुठे मारायची ते दिसतं, पण कातडं किती ताणायचं ते दिसत नाही. कार्प्यूला वीस वर्षं लागली ती उगाच नव्हे.

हे सगळं आठवायचं कारण, नातीने मला फोनवर दाखवलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा चमत्कार. चट्ट्याचा फोटो काढायचा आणि यंत्र रोगाचं नाव सांगतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी २०१७ साली जवळपास एक लाख तीस हजार फोटो दाखवून यंत्र तयार केलं. त्वचेच्या कर्करोगाच्या फोटोंवर ते एकवीस त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीने उतरलं. मग २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा काही यंत्रांना सावळ्या-काळ्या कातडीचे फोटो दाखवले, तर ती अडखळू लागली. शिकताना तसे चेहरे त्यांनी फारसे पाहिलेच नव्हते. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांना फळा दिसत नाही, तसंच हे.

आपल्याकडे त्वचारोगाच्या विभागाच्या पाटीवर बहुधा 'कुष्ठरोग' हा शब्द असतो. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून 'दूरीकरण' झाल्याचं सरकारने सांगितलं. त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच. लोकांनी मात्र रोग संपला असं समजून घेतलं. अजूनही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातले निम्म्याहून जास्त.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. १९७८ साली मी पैठण तालुक्यातल्या एका गावी शिकवत होते. पाचवीतल्या एका मुलीच्या दंडावर फिकट चट्टा होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. मी तिला म्हटलं, "गूळ कमी खा, जंत झाले असतील." ती म्हणाली, "बरं बाई." दोन वर्षांनी कुष्ठरोग तंत्रज्ञ शाळेत तपासणीला आले. त्यांनी एकेका मुलाला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि कोपराच्या आतल्या बाजूची नस दोन बोटांनी चाचपून पाहिली. तिच्यापाशी आले आणि थांबले. तोवर तिची करंगळी आणि शेजारचं बोट वाकलं होतं. गोळ्यांनी चट्टा गेला, बोटं तशीच राहिली. ती शाळेत परत आली नाही.

म्हणून नातीला मी विचारलं, तुझ्या यंत्राने तो चट्टा ओळखला असता का? ती म्हणाली, ब्राझीलमध्ये नेमकं कुष्ठरोगासाठी यंत्र केलंय, २०२२ साली त्यावर लेख आला. पण तिथे नुसता फोटो पुरला नाही, रुग्णाची तपासून लिहिलेली लक्षणंही जोडीला द्यावी लागली. म्हणजे कुणीतरी हात लावून पाहायचं आहेच.

डॉ. नोशीर अंतिया हे इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरी शिकून आले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांकडे वळले. कुष्ठरोगात नाकाचा आतला आधार झिजतो आणि नाक बसतं, वरचं कातडं शाबूत असतं. तिथे कपाळाचं कातडं कामाचं नाही, आतून अस्तर लावावं लागतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी हे काम वाढवलं. पुढे शस्त्रक्रियेत एवढं नाव झालेल्या या माणसाने अलिबागजवळ मांडव्याला जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या गावातल्या बायकांना हाताशी धरलं. क्षय, कुष्ठरोग ओळखायला शिकवलं. त्या बायका शेजारणीच्या पाठीवरचा चट्टा पाहू शकत होत्या, सर्जनला तो कोण दाखवणार? बधिर हातापायांना रोज पाण्यात भिजवून तेल लावायचं, ही कुष्ठरोगातली मोठी काळजी. तिलाही कात-तुपाइतकाच खर्च.

आज हे काम आशाताई करतात. त्यांच्या हातात फोन आहे, त्यात यंत्रही येईल, यावं. पैठणच्या त्या वर्गात माझ्या हाती तसलं काही असतं तर मी गुळाचं बोलले नसते. पण नस चाचपणारे ते जुने तंत्रज्ञ निवृत्त झाले, आणि त्यांच्या बोटांना काय कळत होतं ते शिकून घ्यायला कोण बसलंय, हा माझा प्रश्न आहे. कुंभाराला एकदा विचारायचं राहिलंय.

नातीने टाके संपवून साल कचऱ्यात टाकली, हात धुतले. मी बाही वर करून कोपर तिच्यापुढे केलं आणि म्हटलं, दाखव. तिने दोन बोटांनी चाचपून नस धरली, झणकन मुंगी गेली करंगळीपर्यंत.

"जाड आहे का?" मी विचारलं.

"नाही. पण आजी, जाड म्हणजे किती ते कळायला बऱ्याच न झालेल्या माणसांच्याही नसा हाताखालून जाव्या लागतात," ती म्हणाली. "दुसरा हात दे."