सामाईक इलेक्ट्रॉनांची जोडी

मीठ आणि साखर हे दोन पदार्थ प्रत्येक स्वयंपाकघरांत शेजारीं शेजारीं नांदतात. दोन्ही पांढरे, दोन्ही स्फटिकरूप आणि दोन्ही पाण्यांत सहज विरघळणारे. परंतु साखर कढईंत टाकली कीं थोड्याच वेळांत वितळून तांबूस होऊं लागते. मीठ वितळण्यास मात्र ८०१ अंश सेंटिग्रेड उष्णतामान लागतें. मिठाच्या पाण्यांतून वीज वाहते, साखरेच्या पाण्यांतून ती जवळजवळ वाहत नाहीं. या भेदाचें मूळ अणूंच्या परस्परसंबंधांत आहे, हें नीट उमगण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

इ. स. १८९७ सालीं जे. जे. टॉमसन यांनीं इलेक्ट्रॉनाचा शोध लावल्यावर मिठाचें कोडें हळूहळू सुटलें. सोडियमचा अणु एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिनचा अणु तो घेतो. एक धनभारित व दुसरा ऋणभारित होऊन दोघे परस्परांस ओढून धरतात. हा व्यवहार सरळ देण्याघेण्याचा होता. परंतु हायड्रोजन वायूच्या रेणूंतील दोन्ही अणु हुबेहूब सारखे. तेथें दाता कोण आणि याचक कोण? या प्रश्नापुढें देण्याघेण्याचा सिद्धांत निरुत्तर होई.

त्याचें उत्तर गिल्बर्ट न्यूटन लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनीं दिलें. १९०२ सालीं हार्वर्ड येथें अध्यापन करीत असतां त्यांनीं अणूंचीं घनाकृति चित्रें काढून घनाच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन मांडले होते. हा विचार त्यांनीं चौदा वर्षें मनांत घोळवला आणि १९१६ सालीं, बर्कले येथें प्राध्यापक असतां, तो निबंधरूपानें प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, दोन अणु आपापला एकेक इलेक्ट्रॉन पुढें करून ती जोडी सामाईक ठेवतात. दोन भावांच्या शेतांच्या बांधावर एकच विहीर असावी आणि तिच्या पाण्यावर दोघांचाही पुरा हक्क असावा, तसाच हा प्रकार. या संबंधास आज सहसंयुज बंध म्हणतात.

या एका कल्पनेनें पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. सहसंयुज बंध रेणूच्या आंत बळकट असतो. परंतु एका रेणूची दुसऱ्यावरील ओढ बहुधा दुबळी असते. म्हणूनच मेण थोड्या उष्णतेनें पातळ होतें, आणि उघडा ठेवलेला कापूर उडून जातो. कापूर उडतो तेव्हां त्याचे रेणु मोडत नाहींत, ते सबंधच्या सबंध निघून जातात. मेण वितळलें तरी त्यांतून वीज वाहत नाहीं, कारण विद्युद्भार वाहून नेणारे सुटे कण त्यांत नसतात. हिऱ्याची गोष्ट मात्र निराळी. त्यांतील प्रत्येक कार्बन अणु चार शेजाऱ्यांस घट्ट धरून असतो, हें ब्रॅग पितापुत्रांनीं १९१३ सालीं क्षकिरणांच्या साह्यानें दाखविलें होतें. तेथें दुबळा दुवा कोठेंच नाहीं. म्हणून हिऱ्याचें काठिण्य अद्वितीय आहे.

श्रेयाची वांटणी मात्र इतकी समान झाली नाहीं. १९१९ पासून आयर्विंग लँगम्यूर यांनीं या सिद्धांताचा विस्तार केला. बंधाचें इंग्रजी नांवही त्यांचेंच. ते प्रभावी वक्ते असल्यामुळें अनेक लोक हा सिद्धांत त्यांचाच समजूं लागले, आणि लुईस यांना तें रुचलें नाहीं. पुढें १९३२ सालीं लँगम्यूर यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तें पृष्ठरसायनांतील कार्याबद्दल. लुईस यांस तें कधींच मिळालें नाहीं.

एक शंका उरली होती. दोन्ही इलेक्ट्रॉन ऋणभारित असतां त्यांची जोडी जमते कशी? १९२७ सालीं हाइटलर व लंडन यांनीं नव्या पुंजयामिकीच्या आधारें हायड्रोजनच्या रेणूचें गणित मांडून लुईस यांचें अनुमान खरें ठरविलें. लायनस पॉलिंग यांनीं १९३९ सालीं रासायनिक बंधावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लुईस यांस अर्पण केला.

२३ मार्च १९४६ रोजीं बर्कले येथील प्रयोगशाळेंतच लुईस यांचें निधन झालें. त्यांचे घनाकृति अणु केव्हांच मागें पडले आहेत. परंतु दोन अणूंच्या चिन्हांमध्यें दोन ठिपके मांडण्याची त्यांची रीत आजही शाळेंतील रसायनाच्या पुस्तकांत कायम आहे. त्या ठिपक्यांशेजारीं लुईस यांचें नांव मुलांस सांगितलें जावें, एवढें ऋण तरी शिक्षकांनीं फेडण्याजोगें आहे.