‘डंकर्क’ची ४के डिस्क: डॉल्बी व्हिजन नाही, अ‍ॅटमॉस नाही, तरीही एवढं कौतुक का?

सिनेमाच्या एखाद्या क्लिपवर ‘४के एचडीआर’ असं ठळक लिहिलेलं असतं. आपण ती मोबाइलवर बघतो आणि ‘काय क्वालिटी आहे!’ म्हणत पुढे पाठवतो. प्रत्यक्षात ती क्लिप अपलोड होतानाच एवढी दाबली जाते की ४केचं फक्त लेबल उरतं. घरात नवा टीव्ही आला की मग प्रश्न पडतो: ओटीटीवरचं ४के आणि डिस्कवरचं ४के एकच असतं का? आणि बॉक्सवर जितके जास्त लोगो, तितका सिनेमा चांगला दिसतो का?

या प्रश्नांसाठी ख्रिस्तोफर नोलनचा ‘डंकर्क’ हे चांगलं उदाहरण आहे. १९४० साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांच्या सुटकेवरचा हा १०६ मिनिटांचा युद्धथरारपट जुलै २०१७ मध्ये थिएटरमध्ये आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर. डिस्कवर डॉल्बी व्हिजन नाही, साधं एचडीआर१० आहे. आवाज डॉल्बी अ‍ॅटमॉस नाही, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१ आहे. कागदावर ही यादी फिकी वाटते. तरीही होम थिएटरवाले पाहुण्यांना टीव्ही दाखवायचा झाला की ही डिस्क काढतात.

चित्र एवढं स्वच्छ कशामुळे?

मुख्य कारण डिस्कच्या आधीचं आहे. हा सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावर नाही, फिल्मवर चित्रित झाला, आणि तीही मोठ्या फिल्मवर. छायाचित्रकार होयटे व्हॅन होयटेमा यांनी बहुतांश भाग आयमॅक्स कॅमेऱ्यांनी आणि उरलेला ६५ मिमी फिल्मवर टिपला. आयमॅक्सच्या एका फ्रेमचं क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिमी फ्रेमच्या साधारण नऊ पट असतं. म्हणजे ४केसाठी लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त तपशील मूळ निगेटिव्हमध्येच आहे.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्या काळातल्या अनेक मोठ्या सिनेमांचं अंतिम मास्टर २के होतं आणि डिस्कसाठी ते ताणून ४के केलं जायचं. अशा डिस्कच्या बॉक्सवरही ‘४के अल्ट्रा एचडी’च लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण नसलेला तपशील ताणून येत नाही.

मध्येच काळ्या पट्ट्या येतात, डिस्क खराब आहे का?

नाही. आयमॅक्समधली दृश्यं टीव्हीचा पूर्ण पडदा व्यापतात (१.७८:१). ६५ मिमीची दृश्यं २.२०:१ या रुंद आकारात येतात, म्हणून वर-खाली पट्ट्या दिसतात. आयमॅक्स कॅमेरा चालताना मोठा आवाज करतो, त्यामुळे बोटीच्या आत किंवा जिथे संवाद महत्त्वाचे आहेत तिथे दुसरे कॅमेरे वापरावे लागले. आयमॅक्सची मूळ फ्रेम टीव्हीपेक्षाही उंच, १.४३:१ असते. म्हणजे घरी पडदा पूर्ण भरला तरी वरचा-खालचा थोडा भाग कापलेलाच असतो. पट्ट्या घालवायला टीव्हीवर ‘झूम’ लावलात, तर कडेचं चित्रही जाईल.

ओटीटीचं ४के आणि डिस्कचं ४के यात फरक किती?

रिझोल्यूशन दोन्हीकडे तेच, ३८४० × २१६०. फरक आहे बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी किती डेटा मिळतो याचा. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएसचं कनेक्शन ठेवायला सांगतं. सगळा वेग वापरला गेला असं धरलं, तरी १०६ मिनिटांत होतात जेमतेम १२ जीबी. ४के डिस्कची क्षमता ६६ किंवा १०० जीबी असते आणि डेटा १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो.

सगळ्याच सिनेमांत हा फरक डोळ्यांत भरत नाही. दोन माणसं खोलीत बसून बोलतायत, तर कमी डेटातही काम भागतं. ‘डंकर्क’मध्ये मात्र कॉम्प्रेशनला नको असलेलं सगळं आहे: फेसाळत्या लाटा, उडणारी वाळू, धूर आणि तासभर दिसणारं राखाडी आकाश. फेसाचा प्रत्येक थेंब प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो. डेटा कमी पडला की तिथे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. आकाशाचं दुखणं वेगळं. ८ बिट चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, १० बिटमध्ये १,०२४. छटा कमी असल्या की सलग राखाडीवर पट्टे उमटतात. डिस्कवर आकाश सलग राहतं.

एचडीआर असून रंग फिके का?

कारण सिनेमाच तसा आहे. एचडीआर म्हणजे भडक रंग, हा शोरूममधल्या डेमो व्हिडिओंनी पसरवलेला गैरसमज. एचडीआरचं काम उजेड आणि अंधार यांतलं अंतर वाढवणं. इथे ते दिसतं समुद्रावर चमकणाऱ्या उन्हात, रात्री पाणबुडीच्या हल्ल्यात बुडणाऱ्या जहाजातल्या काळोखात आणि शेवटाकडे किनाऱ्यावर जळणाऱ्या विमानाच्या ज्वाळांत. डॉल्बी व्हिजन दृश्यागणिक टीव्हीला वेगळ्या सूचना देतं, आणि कमी ब्राइटनेसच्या टीव्हीवर त्याचा उपयोग होतोच. पण मूळ ग्रेडिंग नेमकं असेल तर एचडीआर१० पुरतं.

चित्रात बारीक रवाळपणा दिसला तर तो फिल्मचा ग्रेन आहे. ‘नॉइज रिडक्शन’ने तो पुसू नका, त्याच्याबरोबर चेहऱ्याचे आणि लोकरी कपड्यांचे तपशीलही जातात. ‘मोशन स्मूदिंग’ही बंद करा, नाहीतर युद्धपट मालिकेसारखा दिसतो. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर दोन्ही एका फटक्यात बंद होतात. २०१९ मध्ये हा मोड जाहीर झाला तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्यांत नोलनही होते.

आणि आवाज?

माझ्या मते डिस्कची खरी ताकद इथे आहे. २०१८ च्या ऑस्करमध्ये ‘डंकर्क’ला मिळालेल्या तीन पुरस्कारांपैकी दोन ध्वनीचे होते, साउंड एडिटिंग आणि साउंड मिक्सिंग. अ‍ॅटमॉस नाही, कारण नोलन आपले सिनेमे ५.१ मध्येच मिक्स करतात. २०२३ च्या ‘ओपनहायमर’ची डिस्कही ५.१ चीच आहे. इथला आवाज लॉसलेस, म्हणजे मूळ मिक्समधलं काहीही न गाळता येतो. ओटीटीवर तो बहुधा दाबलेला असतो.

श्टुका विमानाचा भोंगा लांबून चढत येतो आणि बॉम्ब वाळूत एकामागून एक जवळ सरकत फुटतात, तेव्हा छतातल्या स्पीकरची उणीव जाणवत नाही. हान्स झिमरच्या संगीतात घड्याळाची टिकटिक आहे. त्यासाठी नोलननी स्वतःच्याच घड्याळाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. जोडीला ‘शेपर्ड टोन’ हा ध्वनिभ्रम आहे: एकावर एक रचलेले स्वर असे सरकतात की आवाज सतत वर चढतोय असं वाटतं, पण तो कधीच टोकाला पोचत नाही. टीव्हीच्या बारीक स्पीकरमधून यातला खालचा थर ऐकूच येत नाही, आणि मग उरते नुसती कटकट.

संवाद नीट ऐकू येत नाहीत, ही तक्रार या सिनेमाबाबत रास्त आहे. टॉम हार्डीचा वैमानिक बहुतेक वेळ मास्कमधून, रेडिओवरून बोलतो. ती दिग्दर्शकाची निवड आहे, डिस्कचा दोष नाही. सबटायटल लावा, किंवा साउंडबारवर मधल्या चॅनलचा आवाज थोडा वाढवा.

बघायला काय लागतं?

साध्या ब्लू-रे प्लेअरवर ४के डिस्क चालत नाही. ४के प्लेअर, डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स लागतो. प्लेस्टेशन ४ प्रो ४केचा असला तरी या डिस्क वाचत नाही. ४के डिस्कना रीजन कोड लागत नसल्यामुळे परदेशातून आणलेली प्रतही चालते. सेटमधल्या साध्या ब्लू-रेबाबत मात्र तसं गृहीत धरू नका.

शेवटचं, वायरिंगचं. काही टीव्ही डीटीएस आवाज साउंडबारकडे पाठवतच नाहीत. सगळं जोडूनही शांतता असेल तर प्लेअरची एचडीएमआय वायर थेट साउंडबार किंवा रिसीव्हरला लावा आणि तिथून टीव्हीला. ते जमत नसेल तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडा.