मोजपट्टीने खेळाडू ओळखता येतो का?

शाळेचा संघ निवडताना आपण बहुधा मुलांना उंचीप्रमाणे उभे करतो. बास्केटबॉलला उंच मुले, कुस्तीला भरल्या अंगाची. अशा निवडीवर कितपत विसंबावे? त्यासाठी कोल्हापूरच्या इतिहासातले एक उदाहरण पाहू.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकत होते. उंची बेताची, अंगकाठी लहान. ती पाहूनच क्रीडाशिक्षकांनी त्यांना महाविद्यालयाच्या स्पर्धेतून वगळले आणि प्राचार्यांकडे दाद मागितल्यावर त्यांना उतरू दिले, अशी आठवण सांगितली जाते. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये, मातीऐवजी गादीवर खेळावे लागूनही, ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे ५७ किलो गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

मग मोजमाप निरुपयोगी का? तसे नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्तीला वजनगट नव्हते. पुढे ते आले, कारण वजनाचा फायदा खराच असतो. पण एका गटातल्या मल्लांची वजने जवळपास सारखीच असतात. तेथे चपळाई, डावांची जाण आणि दम यांवर निकाल लागतो. ज्या मापाची चाळणी लावावी, त्या मापातला फरक चाळणीनंतर फारसा उरत नाही. म्हणून चाळणीतून आलेल्यांपैकी कोण सरस ठरेल, हे ते माप फारसे सांगू शकत नाही.

बास्केटबॉलमध्येही असेच होते. १८९१ मध्ये नेस्मिथ यांनी टोपली १० फुटांवर टांगली. आजही कडे तेवढ्याच उंचीवर असते. साहजिकच उंची कामाला येते. पण सगळेच खेळाडू उंच असले, की त्यांच्यातला फरक इतर गोष्टी ठरवतात. सारख्या उंचीच्या दोघांनी हात वर केले, तर दोघांची पोच सारखी असेलच असे नाही. शिवाय उडी, चेंडूवरचा ताबा आणि खेळाची समज आहेच. अवघ्या ५ फूट ३ इंच उंचीचे मग्सी बोग्स १९८७ पासून अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत १४ हंगाम खेळले.

शाळेत तर आणखी जपायला हवे. तेरा-चौदाव्या वर्षी काही मुलांची वाढ झपाट्याने झालेली असते, काहींची सुरूही झालेली नसते. आज रांगेत शेवटी असलेला मुलगा दोन वर्षांनी मध्यावर दिसू शकतो.

वर्गात हे करून पाहता येईल. प्रत्येकाची उंची, हात वर करून होणारी पोच आणि जागेवरून मारलेल्या उडीची उंची मोजा. तिन्ही मापांनुसार क्रम लावा. ते जुळतात का? सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. क्रम किती बदलला, हे मुलांनाच शोधू द्या. दरम्यान संघनिवडीच्या दिवशी रांगेतल्या शेवटच्या मुलालाही मैदानात उतरवून, खेळताना पाहून मगच यादी करावी.