ज्यांना सरकारनेच आणले : चांद्याच्या जंगलातील निर्वासित आणि परकीय नागरिक कायदा

चंद्रपूर शहरातून मूल रस्त्याला लागले की ‘बंगाली कॅम्प’ लागतो. रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळकरी मुले सगळेच हे नाव सहज घेतात. त्यातल्या ‘कॅम्प’ या शब्दाकडे आता कोणाचे लक्ष जात नाही. वैनगंगा ओलांडून चामोर्शी आणि पुढे मुलचेरा तालुक्यात गेले, की गोंड-माडियांच्या जुन्या गावांशेजारी विवेकानंदपूर, सुंदरनगर, देशबंधूग्राम अशी गावे भेटतात. घराशेजारी तळे, तळ्यात मासे, भोवती धानाची बांधी. ही गावे ज्यांनी वसवली ते पूर्व पाकिस्तानातून आले होते.

१ सप्टेंबर २०२५ रोजी देशात ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५’ लागू झाला. ११ मार्चला लोकसभेत मांडलेले हे विधेयक २७ मार्चला तेथे व २ एप्रिलला राज्यसभेत मंजूर झाले आणि ४ एप्रिलला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे त्याने रद्द केले. वैध पारपत्र व व्हिसाविना देशात शिरणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. चर्चा झाली ती सीमेची, कुंपणाची आणि घुसखोरीची. सीमेपासून शेकडो मैल दूर असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा त्यात उल्लेख होण्याचे कारण नव्हते. तरीही या कायद्यातील एका कलमाचा अर्थ समजून घ्यायचा तर या दोन जिल्ह्यांचा इतिहास उपयोगी पडतो.

तो इतिहास फाळणीपासून सुरू होतो. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिक मानले. त्यानंतर येणाऱ्यांना नोंदणीची अट घातली. पंजाबातील स्थलांतर बहुतांशी एका लाटेत संपले. बंगालचे तसे झाले नाही. ८ एप्रिल १९५० चा नेहरू-लियाकत करार झाला, १९५२ च्या ऑक्टोबरात दोन्ही बंगालांमध्ये पारपत्र पद्धत आली, तरी माणसे येतच राहिली. काहींच्या हाती ढाक्याच्या भारतीय कचेरीतून मिळालेला स्थलांतराचा दाखला असे. काहींच्या हाती काहीच नसे. १९६४ च्या जानेवारीत खुलना-ढाका भागात दंगली उसळल्या आणि लोंढा पुन्हा वाढला. त्यात नामशूद्र शेतकरी व कोळी मोठ्या संख्येने होते.

पश्चिम बंगालने जागा नाही म्हणून हात वर केले. केंद्र सरकारने १९५८ मध्ये दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केले होते. बस्तर, कोरापुट व कालाहांडी हे त्याचे क्षेत्र. रायपूरजवळच्या माना येथील छावणीत कुटुंबे उतरवून घेतली जात आणि पुढे पाठवली जात. बस्तरला लागून असलेल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही १९६४ नंतरच्या वर्षांत महाराष्ट्र शासनाच्या यंत्रणेमार्फत वसाहती उभ्या राहिल्या. जंगल तोडून जमीन मोकळी केली गेली, तिची वाटणी झाली, बैल-बियाण्यासाठी कर्जे दिली गेली. १९८२ च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा यातील बहुतेक गावे त्याच्याकडे गेली.

येथे दुसरी बाजूही सांगायला हवी. सरकारी कागदावर जे ‘उपलब्ध वनक्षेत्र’ होते, ते माडिया आणि गोंडांच्या लेखी मोह-तेंदूचे, शिकारीचे, देवाचे रान होते. ते देताना त्यांना कोणी विचारले नाही. खाडीकाठच्या माणसाला डोंगराळ रानात आणि रानातल्या माणसाला अचानक आलेल्या शेजाऱ्याच्या सोबतीला बसवण्याचा निर्णय दोघांपैकी कोणाचाच नव्हता. १९७८ मध्ये दंडकारण्यातील हजारो निर्वासित सुंदरबनातील मरीचझापी बेटावर निघून गेले. १९७९ च्या जानेवारीत बेटाची नाकेबंदी झाली, मे महिन्यात पोलिसांनी ते रिकामे केले. अनेकांचे जीव गेले. उरलेल्यांना पुन्हा याच रानांकडे पाठवण्यात आले. परत जाण्याचे दार बंद आहे, हे चामोर्शी-मुलचेऱ्यातल्या वसाहतींनाही त्यातून उमगले असणार.

आता कायद्याकडे वळू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार अखंड हिंदुस्थानात जन्मलेल्या, येथे राहणाऱ्या माणसाला नोंदणी करून नागरिक होता येत असे. ज्यांनी ती केली त्यांचा प्रश्न मिटला. ज्यांना जमीन मिळाली, रेशनकार्ड मिळाले, मतदार यादीत नाव आले, त्यांतील अनेकांना आणखी काही करायचे राहिले आहे असे वाटणेच शक्य नव्हते. सरकारने आणले, सरकारने बसवले. मग सरकारला पुन्हा काय सांगायचे? पुढे २००३ च्या दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ ही संज्ञा कायद्यात आणली. वैध कागदाविना आलेला परकीय या व्याख्येत बसला आणि नोंदणीचे दार त्याच्यासाठी बंद झाले.

मुलांची स्थिती वेगळी आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, आईबाप कोठलेही असोत, जन्मानेच नागरिक ठरतो. १९७० मध्ये चामोर्शी तालुक्यात जन्मलेली मुलगी म्हणूनच निःसंशय भारतीय. तिचा १९९० मधला मुलगाही भारतीय, कारण त्यासाठी आई किंवा बाप यांपैकी एक नागरिक असणे पुरते. म्हणजे आजच्या बहुसंख्य वसाहतवाल्यांच्या बाजूने कायदा उभा आहे. अडचण आहे ती सिद्ध करण्याची. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा; रानातल्या झोपडीत झालेल्या बाळंतपणाची नोंद तेव्हा कोण करणार होते?

येथेच ते कलम येते. १९४६ च्या फॉरिनर्स अ‍ॅक्टचे नववे कलम सांगत असे, की आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसाचीच. आसामसाठी १९८३ मध्ये केलेल्या वेगळ्या कायद्याने हे ओझे उलट फिरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो रद्द केला. २०२५ च्या कायद्यानेही जुनी रीतच कायम ठेवली आहे. त्याखालच्या आदेशात राज्यांनी अशा व्यक्तींसाठी स्थानबद्धता केंद्रे उभारावीत, असे म्हटले आहे. आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारचा कायदाच सांगतो.

हे केवळ पुस्तकी भय नाही. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे कळल्यावर परत आणावे लागले. त्यांच्यावरील संशयाचे मूळ त्यांच्या बोलीत होते. घरात तीच भाषा बोलणारा मुलचेऱ्याचा तरुण मुंबई-पुण्याला कामाला जातो, तेव्हा ही बातमी त्याच्या आईने ऐकलेली असते.

२०१९ ची दुरुस्ती हा त्यावर उपाय नाही का, असे कोणी विचारील. बांगलादेश, पाकिस्तान व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना तिने वाट दिली, मुसलमानांना नाही. मार्च २०२४ मध्ये नियमही आले. ज्या वृद्धांची नोंदणी राहून गेली त्यांना तिचा उपयोग होऊ शकतो. पण अर्ज करताना आधी आपण परक्या देशाचे आहोत असे लिहून द्यावे लागते. साठ वर्षे मत दिलेल्या माणसाला ही सही सोपी नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने निवडक जिल्हाधिकाऱ्यांना असे नागरिकत्व देण्याचा अधिकार दिला, तेव्हा महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे यांची नावे त्यात होती. गडचिरोलीचे नव्हते.

पुराव्याचा हा काच इतरत्रही दिसतो. वनहक्क कायदा आदिवासीकडून १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा मागतो, बिगर-आदिवासीकडून पंचाहत्तर वर्षांचा रहिवास. १९६४ नंतर आणून बसवलेला माणूस ही अट पुरी करूच शकत नाही. नामशूद्र बंगालमध्ये अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत.

चांद्याचा हा इतिहास सांगतो तो इतकाच : सीमा ओलांडून आलेला प्रत्येक माणूस लपून आलेला नसतो. यांना माना छावणीत मोजले गेले, त्यांची यादी झाली, नावावर जमीन चढली. तो पुरावा सरकारच्याच दप्तरात तयार झाला. कायद्याने ओझे माणसावर टाकले, तरी जमीनवाटपाचे आदेश, ताबापावत्या, पुनर्वसनाच्या नोंदवह्या नीट जपणे आणि मागेल त्याला प्रमाणित नक्कल देणे हे काम शासनाचे आहे. वाळवी कोणाचे नागरिकत्व विचारत नाही. ती वही खाते, आणि वहीबरोबर एका कुटुंबाचे उत्तर.