बाभळीच्या काडीपासून दंतमंजनापर्यंत

हिरड्या जपण्याचा विचार सुश्रुतसंहितेइतका जुना आहे. तिथे दातवण 12 अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड सांगितले आहे. तुरटात खैर, कडूत कडुनिंब, तिखटात करंज श्रेष्ठ. तोंड आले असेल तर मात्र दातवण वर्ज्य. दुखऱ्या जागी काडी घासू नये, हे शहाणपण आजही खरेच आहे.

महाराष्ट्रातल्या खेड्यांत बाभळीची काडी घराघरांत होती. टोक चावून त्याचा कुंचला करायचा, हळूहळू दात घासायचे आणि मग तीच काडी मधोमध चिरून जीभ खरवडायची. बाभळीतील टॅनिनमुळे सुजलेल्या हिरड्या आवळल्यासारख्या वाटत. काडी नसेल तेव्हा गोवरीची राखुंडी चाले. ती खरखरीत असल्याने दात झिजत. तिळाच्या तेलाची गुळणी त्याहून कितीतरी सौम्य.

पुढे बाजारी दंतमंजने आली. 1952 मध्ये मुंबईत केशव विष्णु पेंढरकरांनी सुरू केलेल्या विको कंपनीने वज्रदंतीतून वनस्पतींचा हाच वारसा डबीत भरला.

याच परंपरेत एक घातक सवयही मिसळली: तव्यावर जाळलेल्या तंबाखूची मशेरी. तिने हिरड्या क्षणभर बधिर होतात, बरे वाटते. पण ती हिरड्यांचे नुकसान करते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. मशेरी हे दंतमंजन नव्हे, ते व्यसन आहे.