नाशिकची उमेदवारी : १९३७

समाजकार्य करणारा मनुष्य निवडणुकीस उभा राहिला, की त्याच्या सेवेची पुण्याई मतपेटीत आपोआप उतरते, अशी एक समजूत राजकीय इतिहासलेखनात रूढ झालेली आहे. ती सोयीची आहे. परंतु भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे पुढे कर्मवीर दादासाहेब म्हणून ओळखले गेलेले कार्यकर्ते, १९३७ साली नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले, त्या प्रसंगाची छाननी केली असता ती टिकत नाही. त्यांच्या सेवेने त्यांना जितके मतदार मिळवून दिले, तितकेच, किंबहुना अधिकच, विरोधकही मिळवून दिले होते.

गायकवाडांचा जन्म १९०२ सालचा, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, त्याची जिल्ह्यातील धुरा प्रामुख्याने त्यांच्याकडे होती. तो सुमारे पाच वर्षे चालला. मंदिराचे दरवाजे उघडले नाहीत. गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांस मात्र बहिष्कार सोसावा लागला. १९३४ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी गायकवाडांस पत्र लिहून मंदिरप्रवेशापेक्षा राजकारण व शिक्षण ह्यांवर शक्ती एकवटावी, असा सल्ला दिला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली आणि १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. गायकवाडांची उमेदवारी ह्या पक्षाची.

येथे खरा प्रश्न उद्भवतो. १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा दिल्या, पण मतदारसंघ संयुक्त ठेवला. एका राखीव जागेसाठी चारांहून अधिक इच्छुक असल्यास प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनी चार जणांची नामावली निवडावयाची आणि त्या चारांतून एकाची अंतिम निवड सर्व मतदारांनी मिळून करावयाची, अशी ती द्विस्तर योजना होती. अर्थात पहिल्या पायरीवर सत्याग्रहाचे श्रेय कामी येणार. दुसऱ्या पायरीवर त्याच सत्याग्रहाचा राग धरून बसलेला बहुसंख्य मतदार निर्णय देणार. नेमस्त, कोणास न दुखविणारा अस्पृश्य उमेदवार त्यास अधिक रुचणार, हे सांगावयास नको.

मतदार तरी कोण होता? १९३५ च्या कायद्याने प्रौढ मताधिकार दिलेला नव्हता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे साडेतीन कोटी लोकांस मत मिळाले, आणि ते मुख्यतः मालमत्ता, सारा वा शिक्षण ह्यांच्या आधारावर. ह्या कसोट्यांवर महारवाड्यातील फारच थोडे लोक उतरले असते. म्हणून अनुसूचित जातींसाठी काही सवलती ठेवण्यात आल्या. मुंबई इलाख्यात त्यांपैकी एक अशी, की कनिष्ठ ग्रामसेवकाचे काम करणाऱ्यास, ते काम वंशपरंपरेचे असो वा नसो, मत मिळावे. ह्या तरतुदीकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. साऱ्याच्या वेळी कुळांस चावडीवर बोलावणे, सरकारी टपाल पोहोचविणे, दवंडी देणे, फिरतीवर आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे ही जी वतनी वेठ, तीच येथे मताधिकाराची पात्रता ठरली. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्धचे विधेयक १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात आणले होते. ज्या जोखडातून सुटावयाचे, त्याच्याच बळावर मत द्यावयाचे, अशी ही स्थिती होती. ती वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

तथापि निर्णायक ठरली ती दुसरी एक तरतूद. मुंबई इलाख्यात राखीव जागा बहुसदस्य मतदारसंघांत होत्या, आणि तेथे संचयी मतदानाची पद्धत स्वीकारण्यात आली. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदारास. ती त्याने वाटून द्यावीत अथवा सर्व एकाच उमेदवाराच्या पदरात टाकावीत. डॉ. आंबेडकरांनी मतदारसंघांची आखणी करणाऱ्या हॅमंड समितीपुढे ह्याच पद्धतीचा आग्रह धरला होता. बाहेरून पाहणाऱ्यास हा तपशिलाचा वाद वाटेल. प्रत्यक्षात राखीव जागेवर कोणाचा प्रतिनिधी बसणार, हेच त्याने ठरणार होते. सवर्ण मतदारास आपले इतर उमेदवारही निवडून आणावयाचे असल्याने त्याची मते पांगण्याचा संभव. अस्पृश्य मतदारास मात्र आपली सारी मते एका नावावर साठविता येत. अल्पसंख्येचे वजन अशा रीतीने वाढले. सत्याग्रहाचा पुढारी कोणाची मनधरणी न करता निवडून येऊ शकला, तो ह्या वाढलेल्या वजनामुळे.

'उमेदवार' ह्या शब्दाचा इतिहास येथे सहज आठवतो. मूळ फारसी 'उमेद', म्हणजे आशा. मराठी दफ्तरात उमेदवार म्हणजे पुढे जागा मिळेल ह्या आशेने बिनपगारी राबणारा कारकून. निवडणुकीच्या परिभाषेत शब्दाचा अर्थ पालटला. गायकवाडांच्या बाबतीत मात्र जुना अर्थ अधिक लागू पडतो; १९३० पासूनची त्यांची उमेदवारी बिनपगारीच होती, आणि जागेच्या आशेने केलेली नव्हती.

इलाख्यातील १७५ जागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. त्यांतील बहुतेक स्वतंत्र मजूर पक्षाकडे गेल्या. पण नियम एकटा पुरेसा नसतो, हे १९४६ साली दिसून आले. कायदा तोच असूनही शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई इलाख्यात एकही जागा मिळाली नाही. बेचाळीसच्या आंदोलनानंतर काँग्रेसचा मतदार एकदिलाने मतदानास उतरला, आणि मते साठविण्याची मुभा त्यासही होतीच.

स्वातंत्र्यानंतर ती मुभाच गेली. १९५२ च्या निवडणुकीत द्विसदस्य मतदारसंघात मतदारास दोन मते होती, परंतु दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. उत्तर मुंबईत डॉ. आंबेडकर नारायणराव काजरोळकरांकडून पराभूत झाले. त्या निवडणुकीविरुद्ध त्यांनी व अशोक मेहता ह्यांनी केलेल्या अर्जात सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाल्याची तक्रार होती. १९३७ साली ज्या कृतीने अस्पृश्यांचे मत प्रभावी झाले, तीच कृती आता मत बाद ठरविणारी झाली. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले.

गायकवाड १९५७ साली नाशिकहून लोकसभेवर निवडून गेले. ह्या वेळी आधार संचयी मताचा नव्हता, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्याचा होता. काळारामाच्या दाराशी त्यांस अडविणाऱ्या समाजातील मतेही त्यांच्या पारड्यात पडली, ती मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीपोटी. मंदिराचा वा वतनाचा प्रश्न त्या प्रचारात अग्रभागी नव्हता.